डॉलरच्या आधीचा शब्द

आमच्या ऑफिसात चपला दाराबाहेर काढाव्या लागायच्या. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं तेव्हा सगळेच मानायचे. ठाण्यात, माजिवड्याच्या पुढे एका औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, शेजारी स्प्रिंगा. त्या सगळ्या खडखडाटात आमचं एकट्याचं दार बंद, आत एसी, आणि माणसं अनवाणी, हळू आवाजात बोलणारी. पाणी आत न्यायचं नाही, डबा आत उघडायचा नाही, कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनला उगाच हात लावायचा नाही. देवघरात वागावं तसं आम्ही वागायचो. मला त्याची गंमत वाटायची आणि थोडी धास्तीही, कारण लोकांची देवघरं मी तोवर दाराबाहेरूनच पाहिली होती.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. मशीन एकच आणि त्याला जोडलेली सात-आठ टर्मिनलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत. डावीकडे डॉलरचं चिन्ह येऊन थांबायचं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. म्हणजे मशीन विचारतंय, बोला, काय करू? त्या डॉलरच्या आधी काय दिसावं हे ज्याचं त्याने ठरवायचं. प्रत्येकाच्या नावाने एक छोटी फाइल असते, तिच्यात पीएस-वन नावाची ओळ असते, तिथे लिहाल ते पडद्यावर येतं. कोणी स्वतःचं नाव लिहायचं, कोणी मशीनचं. आमच्यात कल्याणहून येणारा एक मुलगा होता, माझ्यापेक्षा वर्षभर जुना. त्याचं मशीन त्याला ‘बोला शेठ’ म्हणायचं. दिवसभरात मला शेठ म्हणणारं एवढंच कोणीतरी आहे, असं तो सांगायचा.

आमचे सर डोंबिवलीत वाढलेले, चाळिशीतले, मोकळ्या स्वभावाचे. मला नोकरी दिली ती त्यांनी. सहा महिने काम बघू, मग कायम करू, अशी बोली होती. महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार जमा होणारी आमच्या घरातली मी पहिली, त्यामुळे आईने ही बोली अख्ख्या गावाला सांगून ठेवली होती. गावात मी दिसले की बायका विचारायच्या, झाली का गो कायम? झाले नसते तर मी तोंड दाखवायच्या लायकीची उरले नसते. निदान मला तसं वाटायचं.

आता सरांच्या करामतीकडे येते. आमच्या सगळ्या प्रोग्रामच्या फाइली एका सामाईक कपाटात ठेवल्यासारख्या असायच्या. कपाट म्हणजे मशीनमधलीच जागा. वाचायला कोणीही घ्या. पण बदल करायचा असेल तर फाइल स्वतःच्या नावावर उचलायची, म्हणजे तिला तुमचं कुलूप लागतं. काम झालं की परत ठेवायची, कुलूप सुटतं. प्रत्येक वेळी परत ठेवलेली प्रत कपाट जपून ठेवतं. इतका साधा नियम. पण लोक फाइल उचलायचे आणि विसरून घरी जायचे. दुसरा कुलुपासमोर बसून राहायचा. कंटाळून सरांनी एका दुपारी उपाय काढला.

“आमच्या आईची आठवण झाली,” टर्मिनलवरून मान वर करून ते म्हणाले. “सोवळ्यात असली की बाबांनासुद्धा शिवायची नाही. शाळेतून आलो की दारातूनच ओरडायची, लांब, ओवळ्यात आहेस! आपलं कपाट अगदी तसं आहे बघा. तुमच्या नावावर एकही फाइल नाही, तुम्ही सोवळ्यात. एक जरी उचललीत की ओवळ्यात, आणि तुम्ही शिवलेली फाइल दुसऱ्याने शिवायची नाही.”

मग त्यांनी सगळ्यांच्या पीएस-वनमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. तुम्ही एन्टर दाबलं की मशीन आधी कपाटात जाऊन बघायचं, तुमच्या नावाचं कुलूप कुठे आहे का. अर्धा श्वास जायचा त्यात. मग रोमन लिपीत उमटायचं, sovla आणि पुढे डॉलर, नाहीतर ovla आणि पुढे डॉलर. ऑफिसात एकच हशा पिकला. कल्याणकराने ‘बोला शेठ’ला निरोप दिला. सर स्वतः स्टेशनबाहेरच्या गाडीवर आम्लेट-पाव खाणारे, जानवं कधी घातलं तर घातलं. ते आपल्याच घरावर हसत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मीही हसले. सगळ्यांच्या मागून, थोडा उशीर करून.

मला तो शब्द वेगळ्या बाजूने माहीत होता.

आमचं गाव डोंबिवलीला लागून, कोपरच्या बाजूला, खाडीकडे. गाव म्हणजे तेव्हा खरोखर गाव, पश्चिमेच्या इमारती अजून आमच्यापर्यंत आल्या नव्हत्या. आम्ही आगरी. थोडी शेती, खाडीची मासळी, आणि आई पाटी डोक्यावर घेऊन पूर्वेला भाजी विकायला जायची. सुट्टीत मला बरोबर न्यायची. चाळीच्या एका गॅलरीत वरच्या काठीवर ओलं लुगडं वाळत घातलेलं, त्याचा काठ खाली लोंबत होता. जांभळा, मऊ. माझी उंची बरोबर तेवढी. आई भेंडी मोजून देत होती आणि मी तो काठ बोटांत धरून बघितला.

“शिवलीस!” आतून बाई आल्या. “अगं ते सोवळं आहे ना, आता परत धुवायला हवं मला सगळं. नळ गेला की गं!”

बाई दुष्ट नव्हत्या. दमलेल्या होत्या, त्यांना खरोखरच पाण्याची काळजी पडली होती. आई मात्र पाटीसकट वाकली. “चुकली वो, ल्हान हाय,” म्हणाली आणि त्यांच्या ताटात भेंडीची आणखी एक ओंजळ टाकली. मला ओरडली नाही. जिना उतरताना एवढंच म्हणाली, “कश्याला हात लावाचा नाय बाय. आपून ओवले.” त्या दिवसापासून मी परक्या घरात हात पाठीमागे बांधून उभी राहायला शिकले. आई तर माझ्याआधीपासूनच तशी उभी राहायची, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत, कुठेही. काही हातात घ्यायचंच असेल तर आधी विचारायची.

ऑफिसात यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. माझं आडनाव असं की ते महाराष्ट्रात कुठल्याही जातीत सापडतं. राहतेस कुठे विचारलं की मी ‘डोंबिवली वेस्ट’ म्हणायची. बोलणं शाळेतल्या बाईंकडून उचललेलं, ‘आणि’ला ‘आणि’ आणि ‘नाही’ला ‘नाही’. डब्यात सुकट घालू नको, असं आईला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एसी असतो, वास कोंडतो, असं कारण दिलं. कारण खरं होतं, पण सांगितलं ते खऱ्यासाठी नव्हे. डब्यात फरसबी यायला लागली.

तर अशी मी, आणि माझ्यापुढे तो पडदा. पहिल्यांदा फाइल उचलली आणि एन्टर दाबलं. अर्धा श्वास गेला आणि ओवळं उमटलं. मी स्वतःला चार शिव्या घातल्या. डिप्लोमा केलेली बाई, मशीनच्या पोटात काय चाललंय ते कळतं, आणि चार रोमन अक्षरांना भितेस? पण मागून कोणी गेलं की माझी मान आपोआप पुढे जायची, पडदा झाकायला. बाकीचे आरामात ओवळे बसलेले असायचे, पाय ताणून. त्यांना त्यात लपवायला काही नव्हतं.

मग मी एक वाट काढली. वाचायला फाइल घेतली तर कुलूप लागत नाही. मी वाचायला म्हणून प्रत घ्यायची, माझ्या खासगी कप्प्यात ठेवायची आणि सगळं काम त्या प्रतीवर करायची. दोन दिवस लागोत, तीन लागोत. अगदी शेवटी मूळ फाइल नावावर उचलायची, तिच्यावर माझी प्रत ओतायची आणि लगेच परत ठेवायची. ओवळेपणा मिनिटभराचा. बाकी दिवसभर माझा पडदा सोवळा. सर एकदा मागून जाताना म्हणाले, “हिचं काम बघा, कधी काही अडकवून ठेवत नाही.” मला इतकं बरं वाटलं की आता सांगायलाही लाज वाटते.

ह्या वाटेत खड्डा कुठे आहे ते कोणीही सांगेल. माझी प्रत जुनी होत असते. मध्ये दुसऱ्या कोणी मूळ फाइल रीतसर उचलून सुधारली आणि परत ठेवली, तर मला कळतच नाही. मी येऊन माझी जुनी प्रत त्याच्या सुधारणेवर ओतते. कुलूप असतं ते ह्याचसाठी. मलाही हे कळत होतं. पण पडद्यावरच्या त्या शब्दापुढे ते कळणं टिकत नव्हतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला आम्ही गोदामाच्या मालाचा प्रोग्राम करून देत होतो. नापास होऊन परत गेलेला मालही शिल्लक म्हणून धरला जायचा, ती चूक कल्याणकराने शोधली आणि दुरुस्त केली. नियमाने, कुलूप लावून. त्याच फाइलीत मी दुसरीकडे काहीतरी करत होते, माझ्या खासगी कप्प्यात, सोवळ्यात. त्याने परत ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी प्रत तिच्यावर ओतली. संध्याकाळी फ्लॉपी तयार झाली, सकाळी तो ती घेऊन कारखान्यात गेला. तिथे साहेबांच्या समोर म्हणाला, आता बरोबर येईल. आलं नाही. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. गोदामवाले त्याला म्हणाले, तुम्ही लोक काम न करताच केलं म्हणून सांगता.

दुपारी तो परत आला, चपला काढल्या, जागेवर बसला आणि फाइल उघडून बघत राहिला. “सर, मी केलेलं,” शेवटी तो म्हणाला. “आईशप्पथ केलेलं. इथे होतं.” पडद्यावर बोट टेकवून तो तीच जागा दाखवत राहिला. सहसा फाजीलपणा करणारा मुलगा. मला एका क्षणात सगळं कळलं. कोणी कधी काय ठेवलं हे कपाटाला विचारलं असतं तर त्याने सांगितलंच असतं, पण तेवढी वेळ येऊ दिली नाही, इतकं माझ्या बाजूने म्हणता येईल.

“माझ्याकडून झालं,” मी म्हटलं. “मी लॉक न करता काम करत होते.”

सगळे माझ्याकडे वळले. सर चिडलेले दिसत नव्हते, गोंधळलेले दिसत होते. “पण का?” त्यांनी विचारलं. “तुला तर नियम माहीत आहे. सगळ्यांत नीट तूच पाळतेस असं मी समजत होतो. का असं केलंस?”

ह्या ‘का’चं उत्तर माझ्या तोंडात अगदी तयार होतं. ते दिलं असतं तर माझं गाव, आईची पाटी, ते लुगडं, सगळं त्या गारेगार खोलीत येऊन उभं राहिलं असतं. वर सगळे म्हणाले असते, अगं, एवढंच? आणि ते ‘एवढंच’ मला सोसवलं नसतं. कायम होण्याची तारीख जवळ आली होती. मी म्हटलं, “विसरले, सर.”

“जाऊ दे सर,” कल्याणकर म्हणाला. “होतं असं. जुनी प्रत कपाटात आहे, परत जोडतो मी.” ज्याने शिव्या खाल्ल्या तोच मला सोडवत होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण एसीत सगळं ऐकू जातं.

सरांना विसरणं समजण्यासारखं होतं. खरंतर ते सुटल्यासारखे दिसले. “मग विसरणार नाहीस अशी सोय करून देतो,” म्हणाले आणि माझ्या टर्मिनलवर बसले. नुसती प्रत घेऊन खासगी कप्प्यात ठेवली तरी ती उचलल्यातच धरायची, असं त्यांनी माझ्यापुरतं करून टाकलं. आणि शब्दाच्या आधी काही खुणा घातल्या. असल्या खुणांत पाच हा आकडा म्हणजे लुकलुक आणि सात म्हणजे उलटी पाटी, हिरव्यावर काळी अक्षरं. सरांनी दोन्ही दिले. एन्टर दाबलं. हिरव्या पट्टीवर ओवळं उजेडासारखं लागत-विझत राहिलं, फक्त माझ्या पडद्यावर. “आता विसरून दाखव,” ते प्रेमाने म्हणाले. “कन्फर्मेशनचं मी वर लिहून टाकतो. एवढं पाळ फक्त.”

मी थँक्यू म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात आणि आठवू नयेत असं वाटतं. खोलीत शिरताच पहिली दिसायची ती माझी लुकलुक. “ए, लांब, लांब, बाई ओवळ्यात आहेत,” असं कोणी ना कोणी म्हणायचं. बाईमाणसाच्या बाबतीत त्याचा आणखी एक अर्थ होतो, तो कोणी उच्चारला नाही, पण हसण्यात असायचा. माझी थट्टा होते म्हणून मला वाईट वाटत होतं असंही नाही. मी त्या थट्टेत शिरले, त्याचं वाटतं. दुसरा कोणी बोलायच्या आत मीच बोलायला लागले. “शिवू नकोस हं, परत आंघोळ करावी लागेल!” मी म्हणायची, आणि म्हणताना स्वर कुठून यायचा ते मला ओळखू यायचं. गॅलरीतल्या त्या बाईंचा स्वर होता तो. हुबेहूब जमायचा. लोक पोट धरून हसायचे.

मी कायम झाले. घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढे होती. तिने फुंकणी बाजूला ठेवून पदराने तोंड पुसलं. मला वाटलं झालं, संपलं. ऑफिसचा पत्ता मी तिला कधी दिला नव्हता. माजिवड्याचा नाका आणि खाली बादल्यांचा कारखाना, एवढं एकदा बोलण्यात आलं होतं. तेवढं तिला पुरलं.

तीन-चार दिवसांनी दुपारी दार उघडलं. दारात आई. आगरी पद्धतीने नेसलेलं लुगडं, केसांत अबोली, हातात फडक्याचं मोठं गाठोडं. तांदळाचे वडे, पहाटे उठून केलेले, सगळ्या ऑफिसला पुरतील इतके. ती उंबऱ्याबाहेर चपलांच्या गर्दीत उभी होती आणि आत बघत होती. गार हवा, अनवाणी माणसं, बंद खोली. एक हात गाठोड्याला, दुसरा पाठीमागे.

“कोण हवंय?” कोणीतरी विचारलं.

“तुझी आई का गं?” सरांनी मला विचारलं. तोंडावळा आमचा एकच आहे.

मी हो म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही. आमचा प्रॉम्प्ट उत्तर द्यायच्या आधी कपाटात डोकावून यायचा ना, तेवढा वेळ गेला. अर्धा श्वास. तो कोणाला जाणवला की नाही मला माहीत नाही. आईला जाणवला असणार.

सर उठून दारापर्यंत गेले. “या ना मावशी, आत या. बसा.”

“नको नको, मी हिकरंच बरी,” आई म्हणाली. तिने चपलांकडे बघितलं, मग आतल्या मशीनकडे. “तुमचं सोवल्याचं आसल सगलं. मी शिवन कश्याला तरी.”

तिला थट्टा करायची नव्हती. टोमणा मारणं तर तिच्या स्वभावातच नाही. बंद दार, काढलेल्या चपला, हळू बोलणारी माणसं, तिला जे दिसलं ते तिने ओळखलं आणि आपली जागा ठरवली. खोलीत कोणी हसलं नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्या टर्मिनलकडे पाहिलं. ते आपलं काम करतच होतं, लागत होतं आणि विझत होतं. सरांचे कान लाल झाले.

मी त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला आता चांगलं कळतं. तिचा हात धरून तिला आत आणायचं, माझ्या खुर्चीवर बसवायचं. मी तिच्या हातातून गाठोडं घेतलं, टेबलावर ठेवलं आणि तिचं कोपर धरून तिला जिन्याकडे वळवलं. “चल, खाली जाऊ,” म्हटलं. “इथे काम चालू आहे.” मागे कल्याणकराचा आवाज आला, “मावशी, एक नंबर झालेत!” त्याने आत खायचं नाही हा नियम मोडून वडा तोंडात टाकला होता. तो माझ्याहून लाख पटीने शहाणा निघाला.

खाली नाक्यावर बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो. आई खुशीत होती, किंवा तसं दाखवत होती. “गारगार हाय गो आत,” म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, “तुज्या टीवीवं काय लुकलुकत व्हतं? बाकीच्यांच्या नाय, तुज्याच.”

आईला अक्षर येत नव्हतं. मी बसच्या दिशेला बघत म्हटलं, “माझं नाव.”

“तुजं नाव?”

“हो. कायम झाले ना, म्हणून.”

आई एवढी हसली. बस आली, ती खिडकीत बसली आणि बस हलेपर्यंत माझ्याकडे बघून हसत राहिली. मी इतकी नालायक आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर नुसता डॉलर होता. सर आधी येऊन बसले असणार. “सर, सोवळं कुठे गेलं?” कोणीतरी विचारलं. “जुनं झालं,” सर म्हणाले आणि विषय संपला. कुलपाची आठवण करायला त्यांनी डॉलरच्या आधी एक चांदणी ठेवली होती, साधी, न लुकलुकणारी. माझ्याशी ते त्यावर कधी बोलले नाहीत. फक्त वड्यांचं फडकं त्यांनी मला परत दिलं, घडी घालून. “धुऊन आणलंय,” म्हणाले, आणि धुऊन हा शब्द तोंडातून जाताच त्यांचे कान पुन्हा लाल झाले. कोणाकडेही कोणाचं फडकं धुऊनच परत देतात. तरी ते हातात घेताना एक क्षण माझ्या मनात दुसराच विचार आला, आणि माझी मलाच चीड आली. तो माणूस माझ्यासमोर कधी पहिल्यासारखा हसला नाही, हेही मला लागतं. त्याला सांगितलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी तो शब्द काढून टाकला असता.

गावात मात्र माझं नाव लुकलुकतच राहिलं. आईने भाजीच्या पाटीबरोबर ते पूर्वेपर्यंत नेलं. हळदीला, लग्नाला, कोणीही भेटलं की सांगायची. हापिसात समद्यांचे टीवी गप, माजे पोरीचं नाव मातर झकझक करतं. मी समोर असले की खाली बघायची, आणि लोकांना वाटायचं, पोरीला गर्व नाही.

दशक संपता संपता मी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि घरी आणला. तोही काळ्या पडद्याचा, डॉलरवाला. कामासाठी घेतला होता. आईने त्याच्याभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे. “मंग?” म्हणाली. “तुजं नाव दाव की.”

मी बसले. पीएस-वन उघडलं. पाच म्हणजे लुकलुक, सात म्हणजे उलटी पाटी, दोन्ही अजून पाठ होते. त्यांच्यापुढे मी माझं नाव लिहिलं, सावकाश, अक्षर चुकू नये म्हणून. एन्टर दाबलं. ते लागलं, विझलं, पुन्हा लागलं. इतक्या वर्षांनी ते खरं झालं असं मी स्वतःला सांगितलं, पण काही खरं झालं नव्हतं.

आई पुढे झाली. पाठीमागचा हात तिने पुढे आणला, लुगड्याला पुसला, काचेपासून वीतभर अंतरावर थांबवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “शिवू का?”